सरडगुहिरा आणि त्यास पाणी देणारी गळती

श्रावणात शिवालयातील पिंडीवर टांगलेली गळती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तांब्याच्या त्या पात्राच्या बुडाशी बारीक छिद्र असते, आणि त्यातून एकेक थेंब खाली पडत राहतो. पात्र मोठे असो वा लहान, त्याचा गुण एकच : थोडे पाणी पुष्कळ वेळ पुरविणे. हाच गुण एका निराळ्या कामी येतो. सरडगुहिरा या प्राण्यास पाणी पाजावयाचे तर वाटी, ताटली किंवा कुंडी यांचा काही उपयोग होत नाही. त्यास पानावर पडणारा थेंबच लागतो. पाण्याने काठोकाठ भरलेल्या वाटीशेजारी हा प्राणी तहानेने मरू शकतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे, दया म्हणून घरात आणून ठेवलेले जनावर चार-आठ दिवसांत दगावण्याचा प्रसंग येतो. यास्तव अशी गळती कशी बांधावी, ती खात्रीने कशी चालावी आणि ती कोणी व कोणत्या प्रसंगी वापरावी, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी येथे दिली आहे.

प्राण्याची ओळख

कुंपणावर धावणारा, मान वरखाली करणारा, विणीच्या दिवसांत गळा लाल होणारा नेहमीचा सरडा वेगळा आणि सरडगुहिरा वेगळा. कोकणात यास घोयरा असेही म्हणतात. याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे, शेपूट गुंडाळी होणारे आणि डोळे शंकूसारखे पुढे आलेले असतात. एक डोळा पुढे पाहत असता दुसरा मागे पाहू शकतो. पायांची बोटे दोन गटांत विभागलेली असल्यामुळे तो फांदी चिमट्यासारखी घट्ट धरतो. तो धावत नाही. वाऱ्याने पान हलावे तसा पुढेमागे डुलत, एकेक पाऊल टाकीत चालतो. जीभ मात्र लांबवर आणि फार वेगाने फेकतो, व तिच्या चिकट टोकाने नाकतोडे, माश्या, पतंग व अळ्या टिपतो.

तो विषारी नाही. त्याच्या दृष्टीस पडणे अशुभ असते, किंवा त्याचा फुत्कार अंगावर आला तर माणूस झिजतो, अशा समजुतींना काडीचाही आधार नाही. जवळ गेल्यास तो अंग फुगवितो, तोंड उघडतो आणि फुसफुसतो. त्यापलीकडे त्याच्यापाशी शस्त्र नाही. ज्या वस्तूवर बसेल तिचाच रंग तो घेतो, हेही खरे नव्हे. ऊन, थंडी, भीती, जोडीदाराची किंवा प्रतिस्पर्ध्याची भेट यांप्रमाणे त्याचा रंग बदलतो.

टिटवाळ्याच्या आसपास, काळू नदीच्या काठच्या वाड्यांपासून वासुंद्री, फळेगाव, खडवलीकडील बांधांपर्यंत, करवंद, निर्गुडी, घाणेरी यांची जी दाट कुंपणे अद्याप उरली आहेत, तीच या प्राण्याच्या राहणीस अनुकूल अशी जागा होय. पावसाळा सरल्यावर मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते आणि मातीत बीळ करून त्यात अंडी पुरते. हा प्राणी माणसांच्या हाती लागतो तो बहुधा अशा वेळी, किंवा रस्ता ओलांडताना. दुसरा प्रसंग उन्हाळ्यातला. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडल्या जातात, कुंपणे साफ केली जातात, आणि त्या डहाळ्यांत चिकटून बसलेला सरडगुहिरा भाऱ्याबरोबर खाली येतो. तो पळून जात नाही, म्हणून भाऱ्यात आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. राब पेटविण्यापूर्वी भारा एकदा झटकून पाहिला तर हे सहज टळते.

शेतकऱ्यास याचा उपयोग किती, हे वाढवून सांगण्यात अर्थ नाही. तो कीटक खातो हे खरे. परंतु त्याला मित्रकीड व शत्रुकीड यांतील भेद कळत नाही, आणि भेंडीवरील तुडतुडे किंवा वांग्यातील शेंडेअळी यांचा बंदोबस्त एकट्या सरडगुहिऱ्याच्या भरवशावर होणार नाही. कुंपणात तो दिसला तर त्या कुंपणात कीटक, पाने व सावली शाबूत आहेत, एवढे मात्र निश्चित समजावे.

पाळण्याविषयी

येथे कायद्याची बाजू स्पष्ट सांगणे अवश्य आहे, कारण मुलांच्या हौसेपायी किंवा कोणी पैसे देऊ केल्यामुळे हा प्राणी पकडला जातो. आपल्याकडील सरडगुहिऱ्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यास पकडणे, घरी पाळणे, विकणे अथवा मारणे हा गुन्हा आहे. "आम्ही त्याला त्रास देत नाही, उलट खाऊ घालतो" हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. आणि खरे पाहता प्राण्याच्या दृष्टीनेही ते टिकत नाही, कारण पिंजऱ्यातील सरडगुहिरा बहुधा पाण्याच्या अभावीच खंगतो.

शहरांतून काही लोक परदेशी जातीचे सरडगुहिरे बाळगतात. त्यांत येमेन व त्यालगतच्या सौदी अरेबियातील, डोक्यावर उंच तुरा असलेली जात विशेष प्रचारात आहे. अशा परदेशी प्राण्यांसंबंधीही १९७२ च्या अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली असून, २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्र शासनाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते. कल्याण-डोंबिवलीच्या नव्या वसाहतींत कोणी असा प्राणी बाळगीत असल्यास त्यानेही पुढील माहिती ध्यानात घ्यावी; पाण्याची रीत दोहोंची एकच आहे.

तेव्हा देशी सरडगुहिऱ्यासाठी गळतीचे प्रसंग दोनच उरतात. पहिला, जखमी किंवा तोडलेल्या फांद्यांतून सापडलेला प्राणी वन खात्याच्या माणसांच्या हाती जाईपर्यंतचे काही तास. दुसरा, ज्या कुंपणात तो राहतो तेथेच, उन्हाळ्याच्या कडक दिवसांत, त्याला मोकळेपणी पाणी मिळावे म्हणून केलेली सोय. रानातील प्राणी दवावर व भक्ष्यातील ओलाव्यावर निभाव करीत आला आहे, म्हणून ही दुसरी सोय अनिवार्य नाही. परंतु जेथे निम्मे कुंपण तोडून तारेचे झाले आहे आणि उरलेले चैत्र-वैशाखात करपले आहे, तेथे ती निश्चित उपयोगी पडते, आणि त्याच पाण्यावर खालचे एखादे रोपही जगते.

वाटीतले पाणी का चालत नाही

सरडगुहिऱ्याची नजर हालचालीवर टिकलेली असते. नाकतोडा हलला की तो दिसतो. पाण्याचा थेंब पानावरून ओघळताना चमकला की तो दिसतो. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग त्याच्या लेखी पाणीच नसते. शिवाय तो फांदी सोडून जमिनीवर ठेवलेल्या भांड्याकडे सहसा उतरत नाही. झाडावर राहणाऱ्या या प्राण्याने पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे व दवाचे पाणी पानांवरूनच चाटले आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या पिण्याच्या संथपणाची. थेंब पडू लागले म्हणजे तो लगेच पीत नाही. प्रथम एका डोळ्याने पाहतो, मग जवळ सरकतो, मग पानाची कड चाटू लागतो. आणि एकदा पिऊ लागला म्हणजे पुष्कळ वेळ पीत राहतो. पिचकारीने दोन मिनिटे पाने ओली केली तर त्याची तयारी होईपर्यंत ऊन ती पाने सुकवून टाकते. म्हणून थोडे पाणी दीर्घकाळ पडत राहावे लागते, आणि म्हणूनच गळतीची योजना.

पाणी कमी पडल्याची खूण डोळ्यांवर दिसते. डोळ्यांचे शंकू आत ओढल्यासारखे खोल जातात, कातडीवर वळ्या पडतात, आणि विष्ठेबरोबर पडणारा एरवी पांढरा असणारा भाग पिवळा वा नारिंगी होतो. अशा स्थितीतही चमच्याने किंवा सुईच्या नळीने तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन प्राणी तेथेच गुदमरतो.

गळती कशी बांधावी

सर्वांत सोपी युक्ती म्हणून लोक प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला सुईने भोक पाडतात व ती फांदीला टांगतात. पहिल्या तासाला ही बाटली उत्तम चालते आणि दुपारी पाहावे तर थेंब बंद. याचे कारण समजून घेतले म्हणजे पुढचे सारे सोपे होते. भोकातून पाणी बाहेर ढकलणारा जोर म्हणजे भोकावर उभ्या असलेल्या पाण्याची उंची. बाटली भरलेली असता ती उंची वीतभर असते, आणि पाणी खाली उतरेल तसतसा जोर घटत जातो. म्हणून आरंभी धार, मग भरभर थेंब, मग रेंगाळणारे थेंब असा क्रम लागतो. शेवटी दोन-तीन बोटे पाणी उरते व ते भोकाच्या तोंडाशी अडून राहते. भोक बारीक असले म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताणच त्यास बुचासारखा अडवून धरतो. भोक मोठे केले तर बाटली अर्ध्या तासात रिकामी होते. म्हणजे नुसत्या भोकाच्या बाटलीत थेंब सारखा ठेवण्याचे साधनच नाही.

यावर उपाय असा की भांडे उंच टांगावे, त्याच्या बुडातून बारीक नळी काढावी आणि थेंब नळीच्या खालच्या टोकातून पाडावा. समजा, भांड्यात २० सेंटिमीटर पाणी आहे व त्याखाली १ मीटर नळी लोंबते आहे. भांडे भरलेले असता जोर १२० सेंटिमीटरचा. भांडे रिकामे होत आले असता १०० सेंटिमीटरचा. फरक अवघा सहाव्या हिश्शाचा. आरंभी मिनिटास ६० थेंब पडत असतील तर शेवटी सुमारे ५० पडतील. नुसत्या भोकाच्या बाटलीत हाच वेग ६० वरून शून्यावर येतो. गळती भरवशाची करण्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. बाकीची दक्षता तिच्या मागून येते.

नळी म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारी सलाईनची नळी सर्वांत सोयीची. तिला वरच्या टोकास टोकदार नळकांडे, मध्ये थेंब मोजता येतील अशी पारदर्शक कुपी, आणि वेग कमीजास्त करणारी फिरकीची चिमटी असते. नळी कोरी, पाकीटबंद घ्यावी. दवाखान्यात वापरून टाकलेली नळी कोणत्याही कारणासाठी घरी आणू नये.

भांड्यासाठी दोन लिटरची स्वच्छ पाण्याची बाटली घ्यावी. तिचे बूड कापून टाकावे व ती उलटी, म्हणजे झाकण खाली राहील अशी, टांगावी. झाकणाच्या मध्यभागी तापविलेल्या खिळ्याने भोक पाडावे; ते सलाईनच्या टोकापेक्षा किंचित लहान असावे. सायकलच्या ट्यूबचा लहानसा तुकडा चकतीसारखा कापून झाकणाच्या आत बसवावा आणि त्यातून टोक घट्ट वर घुसवावे. ते झाकणाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर आत आले पाहिजे. यामुळे तळाशी बसणारा गाळ झाकणातच राहतो व नळीत उतरत नाही. बाटलीचे वरचे, कापलेले तोंड पातळ धुतलेल्या फडक्याने बांधावे. पाणी त्या फडक्यातूनच ओतावे, म्हणजे ते गाळलेही जाते, डासही आत शिरत नाहीत आणि हवेस वाटही राहते. हवेस वाट न ठेवता झाकण गच्च लावलेले भांडे काही वेळ ठिबकून आपोआप थांबते. आतील पाणी कमी झाले तरी त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून बाहेरची हवा पाण्यास धरून ठेवते. नळी तुंबली अशी समजूत होऊन पुष्कळ जण नळीच बदलतात; वास्तविक झाकण सैल करणे पुरेसे असते.

मडके वापरावयाचे असल्यास हरकत नाही. पाणी गार राहते. मात्र मडके पाझरते, त्यामुळे रात्रभरात पातळी पुष्कळ उतरते. त्याच्या तोंडावरून नळी आत सोडून ओढ पद्धतीने पाणी काढण्याची रीत या कामी सुचविता येत नाही. भरपूर वाहणाऱ्या पाण्यात ही ओढ टिकते, पण मिनिटास ३० थेंबांच्या संथ प्रवाहात नळीच्या वरच्या वाकात हवेचे बुडबुडे जमून ती तुटते.

एका गोष्टीविषयी येथे कठोर शब्दांतच लिहिणे भाग आहे. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा द्रवरूप खताचा डबा, मग तो सात वेळा धुतलेला का असेना, या कामी वापरू नये. प्लॅस्टिकमध्ये मुरलेला अंश पाण्यात उतरत राहतो. औषधाच्या डब्याने एखादे झाड मरत नाही, म्हणून तो निर्धोक असे समजण्यात अर्थ नाही. या पाण्यावर पक्षी येतील, मधमाश्या येतील, आणि कधी काळी तहानलेले मूलही येईल.

थेंबांचे मोजमाप

सामान्य सलाईनच्या नळीतून पडणारे सुमारे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. हा आकडा पाकिटावर छापलेला असतो, तो पाहून घ्यावा. दर दोन सेकंदांस एक थेंब, म्हणजे मिनिटास ३०, हा वेग आपल्या कामास योग्य आहे. या वेगाने तासाला ९० मिलिलिटर, म्हणजे पाव लिटराच्या निम्म्याहूनही कमी पाणी लागते. सकाळी ऊन अंगावर आल्यावर दोन तास गळती चालविली तर दिवसाचा खर्च १८० मिलिलिटर. दोन लिटरची बाटली या हिशेबाने दहा-अकरा दिवस पुरेल, परंतु पाणी तितके दिवस ठेवू नये. दर दोन-तीन दिवसांनी उरलेले पाणी रोपास घालून ताजे भरावे.

ज्यांना थेंब मोजणे कंटाळवाणे वाटते त्यांनी औषधाचा ५ मिलिलिटरचा चमचा नळीच्या तोंडाशी धरावा. तो तीन मिनिटे व वीस सेकंदांत भरला तर वेग बरोबर आहे. मिनिटभरातच भरला तर चिमटी आवळावी.

कुपी सुरुवातीस दाबून निम्मी भरून घ्यावी व चिमटी पूर्ण उघडून नळीतील सर्व हवा घालवावी. मग चिमटी सरकवीत नळीच्या खालच्या टोकाजवळ आणावी व तेथे आवळावी. चिमटी वर, कुपीजवळच ठेवली तर तिच्याखालील नळीत हवा शिरून पाण्याची रांग तुटते आणि एक मीटर नळीचा मिळणारा फायदा व्यर्थ जातो. एवढी साधी बाब, परंतु बहुतेक बिघाडांचे मूळ येथेच सापडते.

जुळवलेला वेग पहिल्या अर्ध्या तासाने पुन्हा तपासावा. नळी मऊ असते. चिमटीखाली ती हळूहळू अधिक चेपते आणि थेंब मंदावतात. याच्या उलट, उन्हात पाणी तापले म्हणजे ते अधिक पातळ होते व भरभर वाहते. २० अंश उष्णतेच्या पाण्यापेक्षा ३५ अंशांचे पाणी बारीक वाटेतून एकतृतीयांशाहून अधिक वेगाने जाते. सकाळी जुळवलेली गळती दुपारी बाटली लवकर रिकामी करते ती यामुळे. भांडे सावलीत टांगल्यास हा दोष बराच कमी होतो.

भौतिकशास्त्र शिकलेल्या तरुणांस बंद बाटलीत हवेची नळी खोल सोडून एकसारखा जोर मिळविण्याची युक्ती ठाऊक असेल. ती शास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे. तथापि झाकणास केसाएवढी फट राहिली तरी ती बिघडते, आणि उन्हात बाटलीतील कोंडलेली हवा फुगून पाणी धारेने बाहेर ढकलते. शेताच्या बांधावर उघडे भांडे व लांब नळी हीच जोडी अधिक विश्वासाची, असे आमचे मत आहे.

जागा

बाटलीचे बूड जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच, नळीचे तोंड दीड मीटरवर, आणि त्याखाली एक वीत अंतरावर एखादे रुंद पान, अशी मांडणी साधावी. थेंब पानावर पडून फुटतो, कडेने ओघळतो, तेथून खालच्या पानावर पडतो. असे तीन-चार पानांचे टप्पे मिळाले म्हणजे प्राण्यास कोठेही बसून पिता येते. जास्वंद आणि पेरू यांची पाने यासाठी चांगली. रुई, शेर, कण्हेर अशा चिकाच्या झाडांवरून पाणी ओघळू देऊ नये. थेंब प्राण्याच्या नेहमीच्या बसण्याच्या फांदीवर थेट पडता कामा नये. सतत डोक्यावर पाणी पडू लागल्यास तो ती फांदी सोडून निघून जातो. फांदीच्या बाजूस, हातभर अंतरावर थेंब पडावा.

खाली पाणी साचू देऊ नये. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, आणि प्राण्याची सोय करताना घरच्यांस ताप आणण्यात शहाणपण नाही. थेंबाच्या नेमक्या खाली शेवग्याचे, कढीपत्त्याचे किंवा आंब्याचे नवे रोप लावावे व आळ्यात वाळलेला पालापाचोळा पसरावा. १८० मिलिलिटर पाण्यावर आंब्याचे रोप वैशाख काढील असे मात्र समजू नये; नेहमीचे पाणी चालू ठेवावे, गळतीचे पाणी ही भर.

ठिबक संच असलेल्या बागेत

ज्यांच्याकडे ठिबक संच आहे ते विचारतील की वेगळ्या बाटलीची गरज काय. संचाच्या तोट्या जमिनीवर असतात आणि सरडगुहिरा फांदीवर, ही पहिली अडचण. दुसरी अशी की ताशी ४ लिटरची तोटी सुटी काढून बाटलीस लावली तर तिच्यावरील आकडा येथे लागू पडत नाही. तो आकडा सुमारे १० मीटर पाण्याच्या दाबासाठी असतो. एक मीटरच्या दाबावर ती ताशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी सोडील, आणि तेही आपल्या गरजेच्या कितीतरी पट झाले. दाब नियंत्रित करणारी तोटी तर इतक्या कमी दाबावर धडपणे चालणारच नाही.

संचाच्या उपनळीतून बारीक नळी काढून ती फांदीवर चढविता येते व टोकास सलाईनची चिमटी लावता येते. संच चालू असेल तेवढा वेळ थेंब पडतील. पण ज्या दिवशी संचातून विद्राव्य खते, आम्ल किंवा औषध सोडावयाचे असेल त्या दिवशी ही वाट आधी बंद करावी, आणि नंतर स्वच्छ पाण्याने संच धुऊन झाल्यावरच उघडावी. ज्याला हे दर वेळी लक्षात राहणार नाही त्याने या भानगडीत न पडता बाटलीच टांगावी. ज्या कुंपणात प्राणी आहे तेथे पिकावरील फवारा उडू देऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. फवारलेले कीटक खाऊन तोही विषबाधेस बळी पडतो.

गळती बंद पडल्यास

प्रथम भांड्यात पाणी आहे का ते पाहावे. अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात. नंतर नळीत हवेचा बुडबुडा अडकला आहे का ते पाहावे. चिमटी पूर्ण उघडून नळीवर बोटाने टिचक्या मारल्या म्हणजे तो निघून जातो. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी जड असल्यास नळीच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो. तो लिंबाच्या रसात तोंड रात्रभर बुडवून ठेवल्यास सुटतो. मग नळी स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावी. पारदर्शक बाटलीत व नळीत उजेडामुळे हिरवे शेवाळ धरते आणि ते तुटून चिमटीशी अडकते. यासाठी बाटलीस जुन्या काळ्या कापडाची खोळ घालावी, दर आठवड्यास बाटली व नळी गरम पाण्याने धुवावी, आणि शेवाळाने नळीस हिरवा रंग आला की ती टाकून नवी घ्यावी. साबण लावल्यास त्याचा अंश राहणार नाही इतके धुवावे.

नळी उन्हात लोंबत असेल तर दुपारी तिच्यातील पाणी चटका बसेल इतके तापते. चिमटी उघडताना पहिले दोन चमचे पाणी बाजूस सोडून द्यावे.

सापडलेला प्राणी सांभाळताना

फांद्यांत सापडलेला प्राणी जखमी नसेल, तर त्यास हाताने न ओढता, एक डहाळी त्याच्या पुढील पायांखाली धरावी. तो आपण होऊन तिच्यावर चढतो. ती डहाळी जवळच्याच दाट झुडपात ठेवून द्यावी. लांब नेऊन 'जंगलात' सोडण्याचा उत्साह आवरावा. अनोळखी जागी त्याला ना आपली फांदी माहीत, ना शत्रू.

जखमी असल्यास किंवा डोळे खोल गेले असल्यास वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, अथवा कल्याणच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी संपर्क साधावा. माणसे येईपर्यंत त्यास काचेच्या किंवा पत्र्याच्या बंद डब्यात ठेवू नये. बांबूची मोठी टोपली उलटी घालून आत पानांसह एक-दोन फांद्या उभ्या कराव्यात, टोपली सावलीत ठेवावी, आणि वरून नळीचे तोंड आत सोडून मिनिटास ३० थेंब पडू द्यावेत. पाणी मुरण्यासाठी खाली कोरडी वाळू पसरावी. कुत्री, मांजरे व मुले यांना दूर ठेवावे. पहिला तासभर तो पाण्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. टोपलीभोवती गर्दी असेतोवर तर मुळीच पिणार नाही, म्हणून फडके टाकून सर्वांनी बाजूस व्हावे.

कुंपणातील गळती मार्चपासून मेअखेरपर्यंत चालविली म्हणजे पुरे. मृगाच्या सरी सुरू झाल्या की बाटली उतरवावी, नळीतील पाणी फुंकून काढावे, दोन्ही वस्तू सावलीत सुकवाव्यात आणि फडक्यात गुंडाळून पुढील उन्हाळ्यासाठी आढ्याला बांधून ठेवाव्यात.